पैलवानाची मऊ पिन

माझ्या सासूबाईंबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. उलट ‘कशाला उगाच’ असंच सगळे म्हणाले. त्या स्वतः तर म्हणाल्या, “मी मेल्यावर लिही, म्हणजे चुका काढायला मी नसेन.” पण लोक जे काय सांगत फिरतात ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोणी म्हणतं म्हातारी हट्टी आहे, कोणी म्हणतं सुनेने तिला भरीस घातलं, कोणी म्हणतं बिचारीने नवऱ्याच्या आठवणीपायी केलं. तिन्ही खोटं. म्हणजे, हट्टी आहेत ते खरं आहे. बाकी सगळं खोटं.

आमच्या घराला लागून गॅरेज आणि गॅरेजला लागून मोकळ्या पट्टीवर एक ट्रक उभा होता. साधा ट्रक नव्हे, लष्कराचा जुना ओढट्रक. चिखलात रुतलेल्या, उतारावरून घसरलेल्या गाड्या ओढून काढणारा. दहा चाकं, मागे क्रेनचा दांडा, पोटाखाली विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारा लोखंडी ढोल. शेपटीला दोन भलेमोठे फाळ, ते जमिनीत रोवायचे, नाहीतर समोरची गाडी यायच्या ऐवजी आपणच तिच्याकडे घसरत जायचो. घाटातले ड्रायव्हर त्याला पैलवान म्हणायचे.

सासऱ्यांनी तो लिलावात घेतला आणि तीन वर्षं चालवला. मग एके दुपारी घाटात एक ट्रक ओढताना दोर तुटला, चाबकासारखा उलटा आला आणि सासरे जागच्या जागी गेले. माझा नवरा तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे दोनच महिन्यांत एक बस रस्ता सोडून नाल्यात उतरली, रस्ता अडला, आणि लोक गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. “आता पैलवान कोण चालवणार?” असं एकमेकांना विचारत होते. सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, “किल्ली माझ्याकडे आहे, मग कोण चालवणार?”

पाय पोचत नव्हते. त्यांनी क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलवर लाकडी ठोकळे बांधले आणि निघाल्या. बस निघायला चार तास लागले. पहिला तासभर लोक हसत होते, दुसऱ्या तासाला सल्ले देत होते, तिसऱ्या तासाला गप्प झाले आणि चौथ्याला काकू म्हणायला लागले. त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी पैलवान चालवला. मग डोंगराच्या पोटातून बोगदा झाला, घाटात जाणं थांबलं, आणि पैलवान गॅरेजशेजारी उभा राहिला तो अकरा वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या केबिनमध्ये मांजर व्यालेलं होतं.

आता अध्यक्षांकडे येते. सुशोभन समितीचे अध्यक्ष. गोड माणूस, इतका गोड की बोलणं संपल्यावर हात धुवावेसे वाटतात. ते हाताखालच्या दोघांना घेऊन आले, आमच्या ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “काकू, आनंदाची बातमी आहे. मोठ्या चौकात चबुतरा बांधतोय. त्यावर तुमचा ट्रक ठेवायचा. मस्त सोनेरी रंग मारू. खाली काकांच्या नावाची पाटी.”

“आणि इंजिन?”

“इंजिन, विंच सगळं काढून टाकू, वजन कमी होईल. चाकांत सिमेंट भरू, म्हणजे हलायला नको.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “त्यांनी तीन वर्षं चालवला. मी एकोणीस वर्षं चालवला.”

“हो की! तुमचाही उल्लेख करू. खाली, ‘यांच्या पत्नी’ म्हणून.”

मला हसू आलं, रागाने येतं तसं. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो, कधी आवाज चढवत नाही. तो हळूच म्हणाला, “आई, बाबांचं नाव चौकात लागेल.” आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पुढे बोलवेना. वडिलांचं त्याच्याकडे तसं काहीच नव्हतं, एक फोटो आणि एक हातोडी.

सासूबाई नाही म्हणाल्या. मग अध्यक्षांनी बॅगेतून कागद काढला, तो बहुतेक आधीच तयार होता. ट्रक उभा आहे ती पट्टी नगरपालिकेची. बंद पडलेलं, बेवारस वाहन नगरपालिका ताब्यात घेऊ शकते. एकशे वीस दिवसांत ट्रक चालू झाला, ओढगाडी म्हणून तपासणीत पास झाला, तर तो तुमचा. नाही झाला तर चौकात. “उगाच या वयात त्रास कशाला घेता काकू,” अध्यक्ष उठता उठता म्हणाले.

“तपासणीची तारीख सांगा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या वेळी मी घरीच होते. विमा कंपनीच्या ऑफिसात साहेबाशी वाजलं आणि मी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटून आले होते. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्यासमोर एक जुना शर्ट टाकला. “अंगात घाल. चांगले कपडे खराब होतील.” एवढंच आमंत्रण.

इंजिन गंजून पार जाम झालं होतं. सासूबाईंनी सहाही सिलिंडरांत तेल ओतलं आणि पुढच्या नटाला लांब पाइप लावून आम्ही दोघी रोज सकाळी लोंबकळायचो. हलायचं नाव नाही. एकोणिसाव्या दिवशी बोटभर हललं. मी आनंदाने किंचाळले, तर त्या म्हणाल्या, “ओरडू नकोस, परत अडकेल.” उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते सगळं नवं ओढलं. डिझेलची टाकी गंजाने भरलेली. तिच्यात साखळी आणि खडी घालून आम्ही ती अंगणात तीन दिवस गडगडवत बसलो, शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ब्रेक, रेडिएटर, क्लचप्लेट, एकेक काम संपलं की त्यातून दोन नवी निघायची. टायर भंगारवाल्याकडे मिळाले. तारेचा दोर मात्र नवाकोरा आणला. तो आला त्या दिवशी सासूबाईंनी हातमोजा घालून त्याची वीत न् वीत चाचपली आणि बराच वेळ कोणाशी बोलल्या नाहीत. मला वाटलं दमल्या असतील.

सत्तराव्या दिवशी इंजिन सुरू झालं. आधी काळा धूर, मग पांढरा, मग असा आवाज की ओसरीवरचे कप वाजायला लागले. नवरा शाळेतून आलेला, हातात पेपरांचा गठ्ठा तसाच. तो म्हणाला, “हा आवाज मी ओळखतो.” मला वाटतं त्या दिवसापासून त्याची अडचण झाली. त्याला पैलवान चालूही हवा होता आणि चौकातही हवा होता.

मऊ पिनेचं नीट सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंजिनापासून विंचपर्यंत एक दांडा जातो. त्याच्या सांध्यात बोटाएवढी एक पिन असते. ती मुद्दाम मऊ लोखंडाची करतात, शिवाय तिला मध्ये खाच पाडतात. दोराला झेपणार नाही एवढा भार आला की आधी ती तुटते. ढोल ब्रेकवर थांबतो, दोर वाचतो, माणसं वाचतात. दहा मिनिटांत नवी पिन घालायची की झालं.

लेथवाला आमचा जुना ओळखीचा. त्याच्याकडे पिना करून घ्यायला गेलो तर तो म्हणाला, “काकू, चांगल्या पोलादाची करून देतो की, जन्मात तुटणार नाही.”

“ती तुटली नाही तर मी तुला तोडीन,” सासूबाई म्हणाल्या. त्याने मुकाट्याने वीस मऊ पिना करून दिल्या.

त्यांची कामाची एक रीत होती. पहिली ओढ नेहमी सरळ. “आधी विचारायचं,” त्या म्हणायच्या. गाडी किती रुतलीय ते डोळ्यांना कळत नाही, पिनेला कळतं. पिन टिकली तर ओढत राहायचं. तुटली तर समजायचं की सरळ जमणार नाही, कप्पी लावा. रुतलेल्या गाडीला लोखंडी कप्पी अडकवायची, दोर तिच्यातून फिरवून परत आपल्या ट्रकला आणून बांधायचा. वेळ दुप्पट लागतो, दोरावरचा भार निम्मा होतो. आणि ओढताना कोणीही दोराच्या जवळ उभं राहायचं नाही, दोरावर भिजवलेली गोणपाटं टाकायची, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. केबिनमधल्याला बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून एकाने बाजूला उभं राहून हातांनी खुणा करायच्या. दोन्ही मुठी वर म्हणजे थांब. ती खूण कोणीही करो, थांबायचंच. का ते नंतर विचारायचं.

पिना घालण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी घातलेली पिन त्या परत तपासायच्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तपासणीच्या तीन दिवस आधी आम्ही सराव केला. जुना रोडरोलर ओढायचा होता. नेमके अध्यक्ष त्यांच्या माणसांना घेऊन बघायला आले. सासूबाईंनी ओढायला घेतलं आणि ठक् करून पिन तुटली. “पैलवान चीत!” अध्यक्षांचा एक माणूस ओरडला आणि सगळे खिदळले. सासूबाई शांतपणे उतरून कप्पी लावायला गेल्या, पण ते बघायला कोण थांबतंय? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. भाजीवालीसुद्धा मला म्हणाली, “काकूंना सांगा, आता आराम करा.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार महिने आम्ही ग्रीसमध्ये लोळलो आणि हे काल आलेले लोक दात काढतात! सासूबाईंना काहीच वाटत नव्हतं, त्याचाही मला राग आला.

तपासणीच्या दिवशी सकाळी पिन घालायला मी ट्रकखाली गेले. खिशात मऊ पिन होती. बरोबर त्याच जाडीचा एक कडक पोलादी बोल्टही होता, आदल्या संध्याकाळी खोक्यात सापडलेला. मी काय केलं ते सरळ सांगते. मी बोल्ट घातला. आजच्या दिवसापुरता, मनाला म्हटलं. आज पैलवान हसं करून घेणार नाही. माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

मैदानाच्या कडेला खड्डा होता, त्यात वाळूने भरलेला डंपर उतरवून ठेवला होता. ते काम अध्यक्षांच्या ठेकेदाराकडे होतं, त्यामुळे डंपर ॲक्सलपर्यंत रुतलेला आणि वाळू भिजवलेली. तपासनीस बाहेरून आलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, “तीन प्रयत्न. डंपर रस्त्यावर आला पाहिजे.” सासूबाईंनी डंपरभोवती एक चक्कर मारली. “बराच खोल आहे,” त्या मला म्हणाल्या. “विचारून बघू.” आणि केबिनमध्ये चढल्या.

मी खुणा करायला उभी राहिले. नवरा लोकांना मागे ठेवायला. फाळ रोवले, दोर लावला, मी हात फिरवला आणि दोर ताणायला लागला.

डंपर हलेना. दोर सरळ झाला, मग त्याच्यावरचं पाणी थेंब थेंब उडायला लागलं, मग तो वाजायला लागला. बारीक, कानात घुसणारा आवाज. पैलवानाची पुढची चाकं जमिनीवर हलकी झालेली मला दिसली. एवढ्यात पिन तुटायला हवी होती. आधीच तुटायला हवी होती. सासूबाई आत निवांत बसून तिच्या तुटण्याची वाट बघत होत्या, कारण त्यांना ठाऊक होतं की ती आहे.

तेवढ्यात डंपर हातभर सरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना फोटोत यायचं होतं, ते लोकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून पुढे आले, आणि त्यांना मागे खेचायला माझा नवरा त्यांच्यामागे धावला. दोघंही दोरापासून पाच पावलांवर.

मला बाकी काही आठवत नाही. माझ्या दोन्ही मुठी वर होत्या आणि मी किंचाळत होते.

सासूबाईंनी त्याच क्षणी क्लच दाबला. मग उलटा गिअर टाकून इंच इंच दोर सैल केला. तो जमिनीला टेकल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि उतरल्या.

“अहो काकू, का थांबलात?” अध्यक्ष म्हणाले. “येत होता की!”

तपासनीसही म्हणाला, “हातभर आला होता. अजून थोडं ओढलं असतं तर पास होतं.”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. “काय झालं?”

“पिन नाहीये,” मी म्हटलं. “बोल्ट आहे.”

“कोणी घातला?”

“मी.”

मला वाटलं थोबाडीत मारतील. मारायला हवी होती, बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या ट्रकच्या पायरीवर बसल्या, आणि मला नाही, मुलाला म्हणाल्या, “इकडे ये.”

तो आला. मैदानात शंभरेक माणसं होती, त्यांनी आवाज कमी केला नाही. “तुझ्या बाबांचा दोर जुना नव्हता. महिनाभरापूर्वी आणलेला नवा दोर होता. त्या आठवड्यात तीन पिना तुटल्या होत्या, लोक हसले होते. त्यांनी पिनेच्या जागी बोल्ट घातला. मला सांगितलं नाही. ते गेल्यावर संध्याकाळी मी खाली जाऊन तो बोल्ट काढला आणि नदीत टाकला. चौकशीला माणूस आला, त्याने लिहिलं, दोर जुना होता. त्या कागदाखाली माझी सही आहे. माणूस गेलाच आहे, निदान त्याला कोणी मूर्ख म्हणू नये, असं वाटलं मला. तीस वर्षं वाटत होतं.”

नवऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

अध्यक्ष पुढे झाले. “जाऊ द्या काकू, आता कशाला हे सगळं लोकांसमोर…”

“तुम्ही पाटी लावणार होता ना?” सासूबाई उठल्या. “मग लोकांसमोरच की! चांगला मेकॅनिक होता माझा माणूस. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. आणि एक दिवस लोकांच्या हसण्याला घाबरला. हे सगळं लिहिणार असाल तर लावा पाटी, मी स्वतः धरून उभी राहीन. अर्धंच लिहिणार असाल तर माझ्या दारात परत येऊ नका.”

माझ्या नवऱ्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि म्हणाला, “आई, गोणपाटं कमी आहेत. अजून दोन भिजवून आणतो.” आणि गेला. मी त्याच्याशी दहा वर्षं संसार केला आहे. त्या क्षणी मला तो जेवढा आवडला तेवढा कधीच आवडला नव्हता.

“तू घातलास, तू काढ,” सासूबाई मला म्हणाल्या. मी ट्रकखाली शिरले. बोल्ट वाकलेलासुद्धा नव्हता. तो काढून मऊ पिन घालायला मला वीस मिनिटं लागली, कारण ती भोकात बसेना, म्हणजे माझ्याच्याने बसवता येईना.

दुसऱ्या प्रयत्नाला त्या परत केबिनमध्ये बसल्या. दोर ताणला, जेमतेम वाजायला लागला, आणि ठक्. अध्यक्षांच्या माणसांपैकी एकजण सवयीने हसला, पण त्याला साथ मिळाली नाही. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “सांगितलं पिनेने,” त्या मला म्हणाल्या. “आता कप्पी आण.”

कप्पी डंपरला अडकवली, दोर फिरवून आणला, नवी पिन घातली. या वेळी सासूबाईंनी स्वतः वाकून ती पाहिली, आणि ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग त्यांनी केबिनचं दार उघडून धरलं. “चढ.”

“मी? आई, शेवटचा प्रयत्न आहे.”

“कप्पी असली की बाहेर जाणतं माणूस लागतं. दोर कुठे घासतोय ते तुला कळणार नाही. आत बसून माझे हात बघ, मी सांगते तेवढंच कर.”

“माझे हात थरथरतायत.”

“थरथरू दे. सकाळी थरथरले असते तर बरं झालं असतं.”

मी चढले. पेडलवरचे ठोकळे माझ्यासाठी उंच होते, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. आरशात फक्त त्यांचे दोन हात दिसत होते. हळू. अजून हळू. थांब. कशाला थांबवलं ते कळलं नाही, थांबले. त्यांनी जाऊन कप्पी बोटभर सरकवली, परत आल्या. चल. दोर वाजत होता, पण आवाज जाड होता, पोटातून आल्यासारखा. माझं सगळं लक्ष त्या ठक् कडे, जो आता आला तर चार महिने मातीत जाणार होते. आणि तरी मी मनात म्हणत होते, तुटायचं असेल तर तूट बाई, खुशाल तूट.

ती तुटली नाही. चाळीस मिनिटं लागली. डंपरचं मागचं चाक रस्त्यावर आलं तेव्हा लोक ओरडले, पण त्यांचे हात अजून हळू, हळूच म्हणत होते, म्हणून मी हळूच ओढत राहिले. दोर सैल होऊन जमिनीवर पडल्यावर त्यांनी हात खाली घेतले.

तपासनीसाने बॉनेटवर कागद ठेवून ‘पास’ लिहिलं. अध्यक्ष जवळ येऊन म्हणाले, “पण काकू, चबुतरा बांधून झालाय हो. आता त्यावर काय ठेवायचं?”

“तुम्ही उभे राहा,” सासूबाई म्हणाल्या. “सोनेरी रंग तुम्हालाही शोभेल.”

अध्यक्ष गेले. तपासनीस कागद फाइलमध्ये घालायला लागला तसं सासूबाईंनी त्यावर हात ठेवला. “शेरा राहिला.”

“कसला शेरा?”

“पहिल्या ओढीला मऊ पिनेच्या जागी कडक बोल्ट होता, असं लिहा.”

“कशाला काकू?” तो म्हणाला. “गाडी पास आहे. हे लिहिलं तर कायमचं राहील तुमच्या कागदावर.”

“नापास झाल्यावर कोणीही लिहितं. पास झालीय म्हणून लिहायचं.”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहिलं. लिहून झाल्यावर कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून जागा दाखवली.

मी पेन घेतलं आणि सही केली. हात अजून थरथरत होता, पण सही माझीच आहे ते कोणालाही वाचता येतं.